मुंबईतील भाषाशास्त्राचा पहिला पाठ

'गौः' हा शब्द एक, पण त्याचे अपभ्रंश अनेक : गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ही यादी दिली आहे. शुद्ध शब्द थोडे, अशुद्ध अगणित. तेव्हा शुद्धांचाच उपदेश करणे सोयीचे, असा त्याचा व्यवहारी युक्तिवाद. अपभ्रंश म्हणजे खाली घसरणे. हा शब्द लोकभाषांच्या कपाळी दीर्घकाळ राहिला, आणि बाजारात व माजघरात जे बोलले जाते ते संस्कृताचे मोडके रूप होय, अशी शिकलेल्या माणसाची समजूत होऊन बसली. मोडतोडीला कसला आला आहे नियम?

१८७७ साली मुंबई विद्यापीठात ही समजूत कसोटीला लागली. डॉ. जॉन विल्सन यांच्या सन्मानार्थ स्थापन झालेल्या व्याख्यानमालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी भाषाशास्त्रावर सात व्याख्याने दिली. संस्कृताच्या वाढीपासून आरंभ करून पाली, प्राकृते, अपभ्रंश असे टप्पे ओलांडीत ते उत्तर हिंदुस्थानातील देशी भाषांपर्यंत आले. व्याख्याने इंग्रजीत होती, हे ओघानेच आले. मात्र ज्या विद्यापीठाने देशी भाषांना १८६० च्या दशकात आपल्या उच्च परीक्षांतून वगळले होते, त्याच विद्यापीठाच्या व्यासपीठावर मराठी ही शास्त्रीय अभ्यासाची सामग्री म्हणून उभी राहिली. परीक्षेला अपात्र ठरलेली भाषा अभ्यासाला मात्र पात्र होती!

नव्या विद्यार्थ्याला या शास्त्राचे मर्म दोनचार शब्दांवरून कळू शकते. संस्कृत हस्त, सप्त, कर्म, अद्य घ्यावेत. प्राकृतात त्यांची रूपे हत्थ, सत्त, कम्म, अज्ज अशी होतात. दोन भिन्न व्यंजने एकरूप होऊन द्वित्त होते. पंजाबी येथेच थांबली. अमृतसरचा शेतकरी आजही हत्थ, सत्त, कम्म, अज्ज म्हणतो. मराठी, गुजराती, हिंदी यांनी द्वित्त सोडले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ केला : सात, काम, आज. सिंधीने द्वित्त सोडले, पण स्वर लांबविला नाही. तेथे हथु, कमु. एका शब्दात असे घडते तर तो योगायोग म्हणता आला असता. परंतु शेकडो शब्द एकाच वाटेने गेले आहेत. ही वाट कोणा वैयाकरणाने आखून दिलेली नव्हती. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांनी ती नकळत तुडवून तयार केली. पतंजलीने बाजूला सारलेली गावी, गोणी ही रूपेदेखील पुढे पाली-प्राकृतांच्या अभ्यासकाला मोलाचा पुरावा ठरली.

मराठीचा स्वतःचा एक विशेष येथे पाहण्याजोगा आहे. हिंदीत हाथ, हाथी, भूख, भीख, खंभा. मराठीत हात, हत्ती, भूक, भीक, खांब. शब्दाच्या आरंभी ह किंवा एखादा महाप्राण असला की पुढचा महाप्राण मराठी जीभ बहुधा टाकून देते. माथा, दूध, राख यांत आरंभी तसा वर्ण नाही, म्हणून ते अबाधित राहिले. 'शिकणे' हा शब्द मात्र या चौकटीत बसत नाही. हिंदीत सीखना, आणि आरंभी महाप्राण नसताही मराठीत ख चा क झाला. विद्यार्थ्याला अडवावयास नेमका हाच शब्द उभा राहावा, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची. तथापि असा अपवाद डोळ्यांत भरतो तो नियम ठाऊक झाल्यावरच. मग त्याचे कारण शोधावे लागते.

कर्म आणि काम, अग्नी आणि आग हे शब्द मराठीत शेजारी नांदतात. त्यांतील काम, आग हे तोंडातोंडी पिढ्यान्‌पिढ्या आलेले. कर्म, अग्नी हे ग्रंथांतून पुन्हा उचललेले. कोणता शब्द कोणत्या दाराने घरात आला हे न पाहता जो नियम बांधू जाईल, त्याचा नियम पहिल्या दिवशीच कोसळेल.

याच सुमारास जर्मनीतील लाइपझिग येथे काही तरुण पंडित ध्वनिपरिवर्तनाचे नियम निरपवाद असतात, असा आग्रह धरीत होते. त्यांच्यापैकी ऑस्टहॉफ व ब्रुगमान यांचे जाहीर प्रतिपादन १८७८ सालचे. म्हणजे मुंबईच्या श्रोत्यांपुढे आलेला विषय युरोपातही अजून ताजा व वादग्रस्त होता. भांडारकरांच्या प्रतिपादनाला मर्यादा आहेत. त्यांची दृष्टी संस्कृताकडून खाली उतरते. चालू बोलीचे तिच्यापुरते, इतिहास बाजूला ठेवून केलेले वर्णन हा पुढच्या शतकाचा उद्योग.

ही व्याख्याने एकत्रित ग्रंथरूपाने निघाली ती १९१४ साली. दरम्यान भांडारकरांबरोबर १८६२ च्या पहिल्या तुकडीत पदवीधर झालेले न्यायमूर्ती रानडे देशी भाषांना विद्यापीठात परत स्थान मिळावे म्हणून झगडले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद १९४१ साली निघाला, तेव्हा मराठी विद्यार्थ्याला हा ग्रंथ मराठीतून वाचावयास मिळाला.