माथ्यावरचें लाकूड

देवमंदिराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे कोनशिला, वेदी, घंटा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें आपोआप पुढें येतात. ज्या तुळयांनीं व कैच्यांनीं आपलें छप्पर इतकीं वर्षें तोलून धरलें, त्यांची आठवण मात्र गळती लागल्याखेरीज कोणास होत नाहीं. आम्हांसही ती झाली नसती. परंतु ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं खासबागेजवळचें केशवराव भोसले नाट्यगृह जळालें, आणि पुढच्याच रविवारीं मिस्सेनंतर कित्येकांनीं आम्हांस विचारलें, "फादर, आपलें छप्परही लाकडाचेंच ना? तें उतरवून लोखंडी सांगाडा व पत्रा कां घालूं नये?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आपल्या गांवांत लाकूड इमारतीस कसें लागत आलें, हें पाहणें आम्हांस अवश्य वाटलें.

तें नाट्यगृह राजर्षि शाहू छत्रपतींनीं इ. स. १९१५ सालीं पुरें करविलें. तेव्हां त्यास पॅलेस थिएटर म्हणत. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव त्यास पुढें मिळालें, आणि त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्रीं आंतील रंगमंच, आसनें व छप्पर भस्मसात् झालें. पुण्याच्या शनिवारवाड्याची १८२८ सालीं हीच गत झाली होती. आज तेथें कोट, दरवाजे आणि जोतीं एवढेंच पाहावयास मिळतें.

सह्याद्रीच्या आपल्या बाजूस ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ हीं झाडें विपुल. उत्तम साग मात्र उत्तर कानड्याच्या रानांतून येई. ओंडका उंच घोडीवर चढवून एक करवत्या वर व दुसरा खालीं उभा राही, आणि दोघे मिळून लांब करवत ओढीत. पुढें वाकस, रंधा व पटाशी यांचें काम. कूस आणि साळ इतकी नेमकी बसवीत कीं खिळ्याची गरज पडत नसे. या सर्व खटाटोपास महिनेच्या महिने लागत, आणि तेवढ्या अवधींत लाकूड आपोआप वाळे. जुन्या वाड्यांच्या तुळया आजही सरळ आहेत, याचें निम्में श्रेय आम्ही त्या संथपणास देतों.

विलायतेंत सॅम्युएल बेंथम यानें १७९१ व १७९३ सालीं सुतारकामाच्या यंत्रांचे हक्क नोंदविले. पट्ट्याच्या करवतीचा हक्क विल्यम न्यूबेरी यानें १८०८ मध्यें घेतला. आपल्याकडे मिरज-कोल्हापूर आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली आणि दूरचा माल गांवाच्या वेशीशीं येऊन पडूं लागला. आतां यंत्रावर ओंडका चिरून रंधून घेण्यास एक दिवस पुरे होतो. वाळण्यास मात्र लाकूड पूर्वींइतकाच वेळ मागतें. ओल्या लाकडांतील पाण्याचें प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरलें म्हणजे तें आटूं लागतें. आणि वार्षिक वलयांच्या दिशेनें तें जितकें आटतें, त्याच्या साधारण निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आटतें. फळी वांकडी होते ती या असमानतेमुळें. इंचास एक वर्ष, असा विलायती सुतारांचा जुना आडाखा होता; भट्टींत तेंच काम कांहीं आठवड्यांत होतें.

हें शास्त्र आम्ही फार उशिरां शिकलों. वेदीमागच्या खोलीचें दार आम्हीं एका वखारींतून घाईनें करवून आणलें. दिसावयास सुरेख, पण एप्रिलांत त्याला चीर पडली, आणि जुलैंत तें इतकें फुगलें कीं धर्मगुरूस सेवकमुलांसह खांद्यानें ढकलून आंत जावें लागे.

वाळवीचें प्रकरण निराळें. सागाचा गाभा तिला सहसा दाद देत नाहीं, सालीखालचें पांढरें लाकूड मात्र ती खाते. हलक्या लाकडासाठीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशन यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचें 'आस्कू' हें मिश्रण सिद्ध केलें. बंद टाकींत दाब देऊन तें लाकडांत मुरवितात. अशा लाकडाचे तुकडे चुलींत घालूं नयेत, धुरांत व राखेंत विष असतें, हें आमच्या भगिनींना येथेंच सांगून ठेवितों. टांकणखाराचा उपाय सौम्य. परंतु पावसांत तो धुऊन जातो, म्हणून तो छपराखालींच योग्य. आगीसही तो कांहीं अंशीं आवरतो. नाटकगृहांतील कापडें पेटूं नयेत म्हणून फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसाक यानें टांकणखार व अमोनियम फॉस्फेट यांची शिफारस १८२१ सालींच केली होती!

आतां मूळ प्रश्न. पातळ फळी, पडदा व कागद झपाट्यानें जळतात. जाड तुळई तशी जळत नाहीं. तिच्या अंगावर कोळशाचा थर धरतो, तो मिनिटास साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर आंत सरकतो, आणि त्याच्या आडोशानें आंतलें लाकूड कांहीं काळ भार वाहतें. उघडें पोलाद पेटत नाहीं खरें, पण ६०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास त्याचें बळ निम्म्यावर येतें. पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराचें मध्ययुगीन ओक छप्पर ता. १५ एप्रिल २०१९ रोजीं जळालें. तेथील लोकांनीं तें पुनः ओकाचेंच केलें, मुख्य भागाच्या तुळया कुऱ्हाडीनें हातीं तासल्या, आणि वर पाण्याच्या तुषारांची व्यवस्था बसविली. डिसेंबर २०२४ मध्यें तें मंदिर पुनः उघडलें.

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून रानांतील तोडीवर व सॉ मिलींवर कडक निर्बंध आले, तेव्हां नवा जुनाट साग मिळणें कठीणच. म्हणून आहे तें राखावें, असें आम्हीं धर्मग्राम समितीपुढें मांडिलें. थोडा वाद झाला. पत्र्याच्या बाजूचे लोक हट्टी नव्हते, घाबरलेले होते, आम्हीही होतों. शेवटीं जुन्या विजेच्या तारा काढून नव्या लोखंडी नळ्यांतून घातल्या, भिंतींत गेलेलीं तुळयांचीं टोकें टोंचून तपासलीं, आणि दोन वासे कुजलेले निघाले. त्यांच्या जागीं घालावयाचा साग पाडलेल्या एका वाड्याचा मिळाला आहे. तो चिरून, टांकणखाराचें पाणी देऊन, पडवींत दांड्यांवर रचून वाळत ठेविला आहे. मुलांनीं त्यावर बसूं नये, अशी विनंति आहे.