झुरळ खरोखर जर्मन आहे का?

स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे लपणारे लहान, फिकट तपकिरी झुरळ आपल्या ओळखीचे आहे. डोक्यामागील दोन काळ्या पट्ट्या ही त्याची खूण. इंग्रजीत त्याला ‘जर्मन कॉक्रोच’ म्हणतात. मग ते मूळचे जर्मनीचे का?

१७६७ साली स्वीडनच्या लिनियसने या कीटकाच्या शास्त्रीय नावात ‘जर्मानिका’ हा शब्द घातला. इंग्रजी नावातही तोच आला. गंमत अशी, की रशियात यालाच ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियाचा, म्हणतात. तर जर्मनीत काही ठिकाणी ‘रशियन’! नकोसा पाहुणा प्रत्येकाने शेजाऱ्याच्या माथी मारला.

शास्त्रज्ञांना मात्र एक कोडे पडले होते. हे झुरळ रानात कोठेच सापडत नाही, आणि त्याचे जवळचे नातलग युरोपात नव्हे, तर आशियात आढळतात. अखेर १७ देशांतील २८१ झुरळांच्या डीएनएची तुलना झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, रानातील आशियाई झुरळापासून निर्माण झाली. तेथून ती सुमारे १२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गेली. युरोपात ती पोहोचली जेमतेम पावणेतीनशे वर्षांपूर्वी.

म्हणजे लिनियसने नाव दिले तेव्हा हे झुरळ तेथे नवखेच होते! कीटकाचे नाव वर्गात सांगताना आपण एवढे जरूर सांगावे : नावावरून नाव ठेवणाऱ्याचा पत्ता कळतो, कीटकाचा कळेलच असे नाही.