खारेपाटाच्या तीन पिढ्या

अलिबागच्या समुद्रकाठी सायंकाळी बसणाऱ्या वयस्क मंडळींजवळ पाच मिनिटे उभे राहावे. हवापाण्याच्या गोष्टी संपल्या की नव्या पिढीचा विषय निघतोच. आजोबांनी एका धोतरावर दोन वर्षे काढली, वडिलांनी मुंबईत खाणावळीत जेवून पैसे घरी धाडले, आणि नातवाने जमीन विकून मोटार घेतली, अशी ही तीन वाक्यांची बखर आहे. आम्ही ती इतक्या वेळा ऐकली आहे की तीत काही उणे असेल अशी शंका आम्हांस बरीच वर्षे आली नाही. परंतु ही बखर माणसाचे गुणदोष तेवढे सांगते; त्याच्या हाती पैसा कोणत्या वाटेने आला हे सांगत नाही. आज आपण ती वाट पाहावी असा आमचा विचार आहे, आणि त्यासाठी फार दूर न जाता धरमतरच्या खाडीच्या अंगचा खारेपाट आम्ही घेतला आहे.

खारेपाट ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. बांध घालावा, पावसाने मीठ धुऊन न्यावे, उघाडीतून ते पाणी ओहोटीला बाहेर सोडावे, तेव्हा कोठे भात पिकते. बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि पुढचे काही हंगाम वाया जातात. पीक मुख्यतः एकच. म्हणून घरात मिळकत यायची ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, आणि तीही नाण्यांत नव्हे, तर खंडीत व मणात. त्यातून खोत-सावकाराचा खंड जाई, पावसाळ्यात पोटासाठी उचललेले धान्य वाढीदिढीने परत जाई, आणि जे उरे त्यावर पुढचा आषाढ गाठायचा असे. अशा घराला काटकसरी म्हणणे हे उपाशी माणसाला मिताहारी म्हणण्यासारखे आहे.

शिवाय हीच काटकसरी माणसे लग्नकार्यात हात आखडता घेत नसत. १८७५ साली दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या चौकशीतही शेतकऱ्याच्या कर्जाला लग्नातला खर्च कितपत कारण आहे हा प्रश्न चर्चिला गेला होता. म्हणजे ‘हल्लीचे लोक लग्नात पैसा उडवितात’ ही तक्रार आजच्या आजोबांच्या आजोबांविषयीही होती.

परंतु त्या पिढीचे खरे मोल धोतराच्या वयात नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरविले की खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत. आसपासच्या पंचवीस गावांत हा संप पसरला आणि तो सहा वर्षे चालला. कारखान्यातला संप म्हणजे यंत्र बंद ठेवणे. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःचीच चूल बंद ठेवणे. शेते पडीक राहिली. पुरुष मजुरीसाठी बाहेर पडले, बायकांनी लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, आणि खाडीतली मासळी होती म्हणून पोरांच्या तोंडी काही पडले. डिसेंबर १९३४ मध्ये चरीस शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढले. १९३९ साली संप मिटला आणि कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदाही त्याच साली झाला.

ज्या पिढीला आपण जपून वागणारी, दैवावर हवाला ठेवणारी म्हणतो, तिने एकामागून एक सहा हंगाम पणाला लावले. एवढी जोखीम पुढच्या दोन पिढ्यांपैकी कोणी घेतली असेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसऱ्या पिढीचा पैसा पोस्टमनच्या थैलीतून आला. हे लोक मुंबईस गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत लागले. चाळीच्या खोलीत दहा-दहा जण राहिले. घरी पोहोचू लागली ती मनिऑर्डर. खंडीवर चालणाऱ्या घराला प्रथमच पहिल्या तारखेचा अर्थ कळला. वर्षाचा हिशेब महिन्याचा झाला, आणि ज्याला महिन्याचा हिशेब येतो त्याला पुढच्या वर्षाची तरतूदही सुचते. पोराची फी भरता येते, विम्याचा हप्ता भरता येतो, घरावर गवताऐवजी कौले येतात. नियमितपणा हा गुण म्हणून या पिढीच्या नावावर जमा आहे. आमच्या मते त्याचा अर्धा वाटा पगाराच्या तारखेचा आहे.

ती मिळकतही समुद्रावरूनच येई, आणि समुद्र तिचा कर घेई. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढातली अमावास्या होती. सणासाठी घरी निघालेले अनेकजण त्या बोटीत होते.

मनिऑर्डरीचे एक काम मात्र त्या तीन वाक्यांच्या बखरीत कोठेच नाही. १९४८ चा कूळ कायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ला कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले. जमीन फुकट मिळाली नाही. साध्या कुळाने द्यावयाची किंमत जमिनीच्या आकाराच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत ठरावयाची होती आणि ती हप्त्यांनी फेडण्याची सोय होती. हे हप्ते कित्येक घरांत गिरणीच्या पगारातून भरले गेले. आजोबांनी उपास काढून मिळविलेला हक्क वडिलांनी खाणावळीत जेवून कागदावर आणला. सातबाऱ्यावर नाव लागले, त्याखाली इतर हक्कांत कलम ४३ ची नोंद आली: कलेक्टरांच्या परवानगीवाचून ही जमीन विकता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना भय होते की नव्या मालकाकडून जमीन पुन्हा सावकाराकडे जाईल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर बरीच माणसे गावी परतली, तेव्हा हीच जमीन त्यांचे पेन्शन ठरली.

आता तिसरी पिढी. १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेस आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या व त्यामुळे नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडल्या असत्या. मुंबईच्या गडबडीला कंटाळून येथे आलेली ही पहिली पाहुणी. तिच्यामागून शंभर वर्षांनी मुंबईकर शांतता विकत घ्यावयास आले. मांडव्याची रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि जमिनीचा भाव भाताशी असलेले नाते तोडून बसला. हिशेब साधा आहे. एकरी दहा क्विंटल भात धरले तर २०२४-२५ च्या २३०० रुपये आधारभूत भावाने २३,००० रुपये होतात; त्यातून लावणीची मजुरी, खत, झोडणी वजा करा. दुसरीकडे त्याच एकराची किंमत बँकेत ठेवली तर तिचे व्याज या रकमेला कधीच मागे टाकते. हा हिशेब नातवाने केला तर त्याला अविचारी कसे म्हणावे? आजोबांनाही तो करता आला असता; त्यांच्याकडे विकण्यासारखी जमीनच नव्हती.

आणि वाट कायद्यानेही मोकळी केली. २०१४ साली कलम ४३ मध्ये दुरुस्ती झाली: खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरावी, मग विक्रीला कलेक्टरांची पूर्वपरवानगी नको. ज्या जमिनीसाठी बापाने आकाराच्या पटीत हप्ते फेडले, तिचे बंधन सोडविण्यास मुलाला त्याच आकाराची ४० पट पुरे झाली. आणि आकार तर एकरी चार-दोन रुपयांच्या घरातला.

परंतु खरी अडचण मोटारीत नाही. सवय ही पुन्हा पुन्हा घडल्याने लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या धान्याची सवय लागते, महिन्यातून एकदा येणाऱ्या पगाराची लागते. जन्मातून एकदाच येणाऱ्या रकमेची सवय कोणाला, कशी लागावी? तिच्याविषयी सांगण्यासारखा अनुभव ना आजोबांपाशी होता, ना वडिलांपाशी. ‘हप्ता’ हा शब्द तेवढा घरात राहिला. बापाने तो जमिनीसाठी भरला, मुलगा गाडीसाठी भरतो.

या पैशाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. आजीचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते. मोळ्या तिने वाहिल्या, जमीन आजोबांच्या नावे झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. भाताचे शेत असेतो बहिणी हक्कसोडपत्रावर सही करीत, भाऊबीजेची ओवाळणी घेत, आणि विषय संपे. किंमत आल्यावर बहिणीने सही करावयास वेळ लावला की गावात ‘पैशाने नाती बिघडली’ असे म्हणतात. आम्हांस हे म्हणणे पटत नाही. जुनी नाती गोड होती, पण तो गोडवा बहिणीच्या वाट्याच्या खर्चाने होता.

एवढ्या पैशाची सवय नसली तरी तो काय करतो हे दुसऱ्याच्या घरी पाहता येते, आणि येथे खाडीपलीकडे उरणकडे पाहिले पाहिजे. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. म्हणजे तेथल्या लोकांनी रोख रकमेऐवजी पुन्हा जमीनच मागितली. पुढे मुंबईलगतच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेणकडील जमिनी मागण्यात आल्या. तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. मतांचा कौल मोठ्या प्रमाणावर जमीन न देण्याकडे होता, आणि पुढे तो बेत बारगळला. ही मते देणाऱ्यांत नातवंडेही होती, मोटारसायकलीवरून फिरणारी, मोबाईलवर बोलणारी. त्यांना चरीचा इतिहास पाठ असेल वा नसेल. उरणच्या आतेमामांच्या घरी रकमेचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. आम्ही व्याख्याने देणारी माणसे पूर्वजांचा आदर्श फार सांगतो. या प्रसंगी काम केले ते सोयऱ्यांनी.

शेवटी बांधाकडे वळतो. पूर्वी बांधाची दुरुस्ती गाव करी. खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस घमेले-फावडे घेऊन निघे, मग रात्र असो की पाऊस. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली त्याच्या जागी नवा आला, आणि बांध हे सरकारी काम झाले. माणसे खात्याची वाट पाहू लागली. बापाची पिढी पगाराच्या दिवसांत मुंबईस होती, म्हणून हे सोयीचेही पडले. आता शेजारचा तुकडा विकलेला असतो, त्याचा मालक पुण्यामुंबईस असतो, त्याला भात नको, समुद्राचे दर्शन हवे. खांड पडते, ती राहते, आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. कांदळवनाला आता कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे ते शेत पुन्हा शेत होत नाही. विकले नाही त्याचेही.

खारेपाटातला जो तरुण आज जमीन राखू म्हणतो, त्याने एकट्याने राखून भागत नाही. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाच्या रात्री बांधावर त्याच्याबरोबर किती जण येतील, ते तो जमीन विकण्याचे ठरविण्यापूर्वी मोजतो.