घरातील कीड नियंत्रण: खर्च किती येतो आणि तो कशावर ठरतो?

वाळवी, झुरळे किंवा ढेकूण यांच्या बंदोबस्तासाठी एकाच सदनिकेकरिता दोन व्यावसायिकांनी सांगितलेल्या दरांत दुपटीचा फरक असणे ही नेहमीची बाब आहे. कीड नियंत्रण सेवेचे कोणतेही सरकारी दरपत्रक नसल्याने कोणता दर वाजवी, हे ठरविणे गृहधारकांना कठीण जाते. या खर्चात औषधाच्या किमतीचा वाटा तुलनेने अल्प असतो. कीड कोणती आहे, किती लांबीत किंवा क्षेत्रफळात काम करावयाचे आहे, किती फेऱ्या लागणार आहेत आणि काम करणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे किंवा नाही, या चार गोष्टींवर खरा दर ठरतो. फारच स्वस्त दर सांगितला जातो, तेव्हा या चारपैकी एखाद्या बाबीत काटछाट झालेली असण्याची शक्यता अधिक असते.

सर्वसाधारण दर

मोठ्या शहरांतील टू बीएचके सदनिकेत झुरळांसाठी जेल पद्धतीच्या एका उपचाराला साधारणपणे ९०० ते १,८०० रुपये खर्च येतो. वर्षातून तीन फेऱ्यांचा वार्षिक करार केल्यास प्रत्येक फेरीचा दर कमी होतो. ढेकणांसाठी दोन फेऱ्यांसह सुमारे २,००० ते ४,००० रुपये, तर वाळवीसाठी ४,००० ते १०,००० रुपये आकारले जातात. लहान शहरांत हे दर काहीसे कमी असतात. स्वतंत्र बंगल्यात किंवा तळमजल्यावरील घरात वाळवीच्या कामाचा दर सदनिकांवर न ठरता भिंतींच्या लांबीवर किंवा चौरस फुटांवर ठरतो. हे सर्व आकडे अंदाजासाठी आहेत. प्रत्यक्ष पाहणीनंतर त्यांत बदल होतो.

कीड नियंत्रण सेवेवर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर लागू आहे. त्यामुळे ६,००० रुपयांच्या कामाचे प्रत्यक्ष देयक ७,०८० रुपये होते. वार्षिक उलाढाल कमी असलेल्या लहान व्यावसायिकांना या कराची नोंदणी बंधनकारक नसते. अशा व्यावसायिकाला देयकात हा कर लावता येत नाही. दोन दरांची तुलना करताना सांगितलेली रक्कम करासह आहे की कराशिवाय, हे आधी विचारून घ्यावे.

कीड ओळखली तर खर्च वाचतो

लाकडातून पिठासारखा भुसा गळत असेल आणि त्यावर बारीक गोल छिद्रे दिसत असतील, तर ते काम बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे असते. जमिनीखालून येणारी वाळवी मात्र भिंतीवर किंवा चौकटीवर मातीच्या नळ्या तयार करते आणि लाकूड आतून पोकळ करते. भुंगेऱ्यांसाठी त्या एका कपाटावर किंवा पलंगावर उपचार पुरेसा ठरू शकतो. वाळवीसाठी मात्र भिंत आणि जमीन यांच्या सांध्यापर्यंत जावे लागते. भुंगेऱ्यांच्या तक्रारीवर संपूर्ण घराचा वाळवी उपचार करून घेतल्यास हजारो रुपये व्यर्थ जातात.

वाळवीला ओलावा आवश्यक असतो. गळका नळ, तुंबलेला पागोळीचा मार्ग किंवा भिंतीतील ओल दूर न करता केलेला उपचार फार काळ टिकत नाही. त्यामुळे नळदुरुस्तीचा खर्चही या कामाचाच भाग समजावा.

वाळवीच्या कामाचे मोजमाप

वाळवी प्रतिबंधासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ६३१३ हे मानक आहे. त्याचा दुसरा भाग बांधकामापूर्वीच्या आणि तिसरा भाग बांधून झालेल्या इमारतींमधील उपचारांविषयी आहे. उभ्या इमारतीत भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून त्यांत दाबाने कीटकनाशकाचे द्रावण सोडले जाते. प्रत्येक छिद्रात कमाल एक लिटर द्रावण जाते. त्यानंतर छिद्रे बुजविली जातात. लाकडी चौकटींमध्ये तिरपी छिद्रे पाडून वेगळा उपचार केला जातो.

या मोजमापाचा उपयोग ग्राहकालाही होऊ शकतो. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीचा परीघ १४ मीटर असतो. दाराची रुंदी वगळली, तरी तेथे ४० हून अधिक छिद्रे अपेक्षित आहेत. वीस छिद्रे पाडून काम संपविले जात असेल, तर दर निम्मा असला तरी ते काम स्वस्त म्हणता येणार नाही. वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के या औषधाचे प्रमाण एक लिटर पाण्यात सुमारे २.१ मिलिलिटर इतके असते. औषधाची सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडण्यास आणि द्रावण आपल्यासमोर तयार करण्यास सांगणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह आहे.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी पाया आणि जोत्याच्या वेळी केलेला उपचार अधिक किफायतशीर ठरतो, कारण त्या वेळी माती उघडी असते. फरशी बसविल्यानंतर त्याच मातीपर्यंत पोहोचण्यासाठी छिद्रे पाडणे आणि बुजविणे यांची मजुरी वाढते.

फेऱ्यांचे कारण

ढेकणांच्या उपचारात दुसरी फेरी हा व्यवसाय वाढविण्याचा प्रकार नाही. बहुतेक फवारण्यांचा ढेकणांच्या अंड्यांवर पुरेसा परिणाम होत नाही आणि ती अंडी साधारण आठवडाभर ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी केली जाते. एका फेरीतच हमी देणारा दर दिसायला कमी असला, तरी काही दिवसांत पुन्हा तोच खर्च उद्भवतो.

झुरळांच्या बाबतीत जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांजवळ, ओट्याखाली आणि कपाटांच्या सांध्यांत लावले जातात. स्वयंपाकघर रिकामे करावे लागत नाही, ही या पद्धतीची सोय आहे. मात्र त्या जागा लगेच पुसल्यास किंवा त्यांवर बाजारातील फवारा मारल्यास झुरळे जेलकडे फिरकत नाहीत आणि खर्च वाया जातो. बहुमजली इमारतीत झुरळे सांडपाण्याच्या मार्गांतून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. त्यामुळे गृहनिर्माण संस्थेने सामाईक गटारे आणि डक्ट यांचे काम एकाच वेळी करून घेतल्यास प्रत्येक सभासदाचा खर्च कमी होतो.

परवाना आणि सुरक्षितता

स्वस्त कामात सर्वाधिक धोका असतो तो जीविताचा. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक कीड नियंत्रणासाठी परवाना आवश्यक आहे. त्यासाठी कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान शाखेची पदवी, तसेच मान्य संस्थेतील किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. मैसूरू येथील केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था ही अशा संस्थांपैकी एक आहे. काम देण्यापूर्वी परवान्याची प्रत पाहावी आणि त्याची मुदत तपासावी.

धान्य साठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू देऊ नयेत. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो. त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही आणि तो फटींतून शेजारच्या खोलीतही जाऊ शकतो. या गोळ्यांची विक्री व वापर कायद्याने निर्बंधित आहे. ढेकणांवर एका रात्रीत उपाय म्हणून कोणी त्या सुचवीत असेल, तर दर कितीही कमी असला तरी नकार द्यावा.

औषधाच्या वेष्टनावरील रंगीत चौकोनातील त्रिकोण त्याची विषारीपणाची पातळी दर्शवितो. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अधिक विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य पातळीचा निदर्शक आहे. फवारणीच्या वेळी लहान मुले, गर्भवती महिला, श्वसनविकार असलेल्या व्यक्ती आणि पाळीव प्राणी यांना घराबाहेर ठेवावे. अन्नपदार्थ झाकून किंवा हलवून ठेवावेत. वेष्टनावर सांगितलेल्या वेळेनंतर खिडक्या उघडून घर हवेशीर करावे आणि मगच आत राहावे.

लेखी घ्यावयाच्या बाबी

दरपत्रकात कीडीचे नाव, औषधाचे नाव व प्रमाण, उपचाराच्या जागा, फेऱ्यांची संख्या, कर आणि हमीचा कालावधी स्पष्ट नमूद असावा. वाळवीच्या कामावर एक ते पाच वर्षांपर्यंतची हमी दिली जाते. त्या काळात वाळवी पुन्हा आढळल्यास नवीन उपचार विनामूल्य होईल की केवळ पाहणी होईल, हे त्यात लिहून घ्यावे. बिगर देयकाच्या व्यवहारात हमीला आधार राहत नाही.

सेवेत त्रुटी आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्या तक्रारीसाठी शुल्क भरावे लागत नाही. मात्र त्यासाठी देयक आणि हमीपत्र हाताशी असणे आवश्यक आहे.