देवाची कोठारे आणि माणसांची उतरंड : सुमेरमधील पहिली नगरे

शेतीच्या शोधानंतर मानवाच्या जीवनात जे सर्वांत मोठे स्थित्यंतर घडले ते म्हणजे नगरांचा उदय. पुरातत्त्ववेत्ते व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी या स्थित्यंतरास 'नागरी क्रांती' असे नाव दिले. १९५० मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी प्रारंभीच्या नगरांची दहा लक्षणे सांगितली. दाट लोकवस्ती, शेतीच्या कामातून मोकळे झालेले कारागीर, देवाला किंवा राजाला द्यावयाचा वरकड उत्पन्नाचा हिस्सा, भव्य वास्तू, लेखनकला आणि शासक वर्ग ही त्यांपैकी काही प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे एकत्रितपणे प्रथम दिसतात ती आजच्या दक्षिण इराकमध्ये, तायग्रिस व युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यातील सुमेर प्रदेशात. तेथील नगरांचा अभ्यास करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. धर्म, हिशेब आणि सामाजिक विषमता या तीन गोष्टी तेथे एकाच छपराखाली वाढल्या. ते छप्पर देवालयाचे होते.

नदी, कालवे आणि नगर

सुमेरच्या भूमीत पाऊस अत्यल्प. दगड, धातू आणि इमारती लाकूड यांचीही वानवा. विपुल होते ते दोनच पदार्थ : माती आणि पाणी. मात्र पाणीही सोयीने येत नसे. नद्यांना पूर येई तो वसंत ऋतूत, म्हणजे सातूचे पीक कापणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी मात्र नद्यांना पाणी कमी असे. त्यामुळे कालवे खणणे, त्यांतील गाळ काढणे, बांध घालणे आणि आलेले धान्य पुढील हंगामापर्यंत राखून ठेवणे या गोष्टींना पर्याय नव्हता. असे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

या प्रदेशातील उरुक हे नगर इ. स. पू. ३२००च्या सुमारास सुमारे २५० हेक्टरांवर पसरले होते. त्यानंतरच्या काही शतकांत त्याचा विस्तार दुपटीहून अधिक झाला. त्याची लोकसंख्या ४० हजारांच्या घरात किंवा त्याहून अधिक असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळी जगात इतकी मोठी दुसरी वस्ती ज्ञात नाही. नगराच्या मध्यभागी इनान्ना या देवीचे 'एअन्ना' हे विस्तीर्ण देवालय-संकुल होते. जर्मन पुरातत्त्ववेत्त्यांनी १९१२ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि पहिल्या नगराचे चित्र हळूहळू स्पष्ट होऊ लागले.

देवालय : श्रद्धास्थान आणि कोठार

सुमेरी भाषेत देवालयासाठी वेगळा शब्द नव्हता. 'ए' म्हणजे घर, हाच शब्द देवालयासही वापरीत. देवता ही नगराची मालक आणि देवालय हे तिचे राहते घर, अशी ही कल्पना होती. देवतेच्या मूर्तीस रोज भोजन अर्पण केले जाई, वस्त्रे नेसवली जात, तिच्यापुढे गायन होई. नैवेद्य आणि प्रसाद या कल्पना ज्यांना परिचित आहेत, त्या मराठी वाचकास हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. देवांना श्रम करावे लागू नयेत यासाठीच माणूस निर्माण झाला, अशी मेसोपोटेमियाची पुराणकथा आहे. श्रम हे माणसाचे आणि भोग हा देवाचा, या विभागणीला या कथेने धार्मिक अधिष्ठान दिले.

देवतेचे घर म्हटल्यावर घरची शेते, गुरे, मेंढ्यांचे कळप, मासेमारीच्या जागा, विणकामाचे कारखाने आणि धान्याची कोठारेही आली. त्यांचा कारभार पुजारी, कारभारी व लेखनिक पाहत. अवर्षणात किंवा पुरानंतर लोकांना धान्य मिळे ते याच कोठारांतून, आणि कर्जाऊ धान्यही मिळे ते येथूनच.

नगरातील सारी जमीन देवालयाचीच होती, असे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आन्टोन डायमेल यांनी मांडले आणि ते बराच काळ रूढ होते. पुढे इगोर दियाकोनोव व इग्नेस गेल्ब यांच्या संशोधनाने हे मत मागे पडले. कुटुंबांच्या मालकीची जमीनही होती आणि तिची खरेदी-विक्रीही होत असे, हे जमिनीच्या खरेदीखतांवरून सिद्ध झाले आहे. तथापि देवालय आणि राजवाडा हीच सर्वांत मोठी उत्पादक घराणी होती, याविषयी मतभेद नाही.

लेखनाचा जन्म हिशेबातून

उरुक येथे आद्य लिपीतील सुमारे पाच हजार मृत्पट्टिका आणि त्यांचे तुकडे सापडले आहेत. त्यांवर स्तोत्रे किंवा राजांचे पराक्रम असावेत, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यांतील दहापैकी आठांहून अधिक पट्टिका या निव्वळ हिशेबाच्या आहेत. किती सातू आले, किती मेंढ्या गेल्या, किती जणांना शिधा दिला, एवढाच त्यांचा मजकूर. लेखनकला कवीच्या गरजेतून जन्मली नाही; ती कोठीवाल्याच्या गरजेतून जन्मली.

या लिपीतील चिन्हेच त्या समाजाविषयी पुष्कळ सांगून जातात. तिरप्या काठाचे, साच्यातून काढलेले ओबडधोबड मातीचे वाडगे उरुक काळातील स्थळांवर फार मोठ्या संख्येने सापडतात. हे वाडगे शिधा मोजण्यासाठी होते असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते पाव भाजण्याचे साचे होते. माणसाचे डोके आणि त्यासमोर असा वाडगा, हे चिन्ह 'खाणे' किंवा 'शिधा देणे' या अर्थाने लिहिले जाई. दासीसाठीचे चिन्ह तर अधिकच बोलके आहे : 'स्त्री' आणि 'पर्वत' ही दोन चिन्हे शेजारी लिहिली की दासी हा अर्थ होई. पर्वत म्हणजे परमुलूख. मैदानातील या नगरांत दास्य प्रथम आले ते बहुधा डोंगराळ मुलखातून धरून आणलेल्या स्त्रियांच्या रूपाने, असे त्यावरून अनुमान केले जाते.

याच काळातील एका मृत्पट्टिकेवर पदे आणि व्यवसाय यांची सूची आहे. सर्वोच्च पदापासून आरंभ करून ती क्रमाने निरनिराळ्या अधिकाऱ्यांची व कारागिरांची नावे देते. पुढे हजाराहून अधिक वर्षे लेखनिक होऊ पाहणारी मुले हीच सूची गिरवीत राहिली. अक्षरओळख आणि समाजातील पायऱ्यांची ओळख त्यांना एकाच धड्यातून होत असे.

उतरंड

उरुक येथे सापडलेल्या, सुमारे एक मीटर उंचीच्या अलाबास्टरच्या घटावर हा समाज पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेला आहे. सर्वांत खाली पाणी, त्यावर पिके, त्यावर मेंढ्यांची रांग, त्यावर टोपल्या व घडे वाहणारे विवस्त्र पुरुष आणि सर्वांत वर देवी अथवा तिची पुजारीण व तिला अर्घ्य देणारा नगरप्रमुख. सारे धन खालून वर जाते आणि देवीच्या दारी पोहोचते.

प्रारंभी पुरोहित आणि शासक हे एकच असावेत. पुढे युद्धे वाढली, तटबंदी उभी राहिली आणि 'लुगाल', म्हणजे शब्दशः 'मोठा माणूस', हा राजा देवालयाच्या बरोबरीने उभा राहिला. राजसत्तेने धर्मपीठावर आपली माणसे बसवण्याचा प्रघात पडला. इ. स. पू. २३००च्या सुमारास अक्कडच्या सारगोनने आपली कन्या एन्हेदुआन्ना हिला उर येथील चंद्रदेव नन्नाची मुख्य पुजारीण नेमले. इनान्नेची स्तोत्रे तिच्या नावावर आहेत आणि नावाने ज्ञात असलेली जगातील पहिली रचनाकार म्हणून तिचा उल्लेख होतो.

वैभवाचे दुसरे टोक उरच्या राजकीय दफनभूमीत दिसते. लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर येथे उत्खनन केले. इ. स. पू. २६०० ते २५००च्या सुमाराच्या सोळा थडग्यांना त्यांनी 'राजथडगी' म्हटले. सोने, अफगाणिस्तानातील बदख्शानचा राजावर्त आणि सिंधू खोऱ्यातून आलेले अकीकाचे मणी तेथे मिळाले. मात्र एकाच खड्ड्यात ७४ सेवकांचे सांगाडेही मिळाले. त्यांपैकी ६८ स्त्रिया होत्या. त्यांनी स्वेच्छेने विषप्राशन केले असावे, असे वुली यांचे मत होते. पुढे या दफनभूमीतील दोन कवट्यांची सीटी स्कॅन तपासणी झाली, तेव्हा डोक्यावरील आघाताच्या खुणा आढळल्या आणि त्या मताला तडा गेला.

उतरंडीच्या तळाशी शिध्यावर जगणारे मजूर होते. इ. स. पू. एकविसाव्या शतकातील हिशेबांनुसार पुरुष मजुरास महिन्याला साधारण ६० सिला, म्हणजे जवळपास तितकेच लिटर सातू मिळे; स्त्रियांना ३० ते ४० सिला. विणकामाच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया राबत आणि त्यांच्या मुलांची नावेही शिध्याच्या यादीत असत. त्यांनी विणलेली लोकरीची वस्त्रे परदेशी जात आणि त्यांच्या मोबदल्यात तांबे, लाकूड व रत्ने नगरात येत.

गल्ल्या, घरे आणि बाजार

इ. स. पू. १८००च्या सुमाराचे उर कसे होते, हे वुली यांनी उघड केलेल्या वस्तीवरून कळते. अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या, मध्ये अंगण असलेली विटांची घरे, घरातच छोटे देवघर आणि काही घरांत जमिनीखाली पूर्वजांची थडगी. कचरा गल्लीतच टाकला जाई. त्यामुळे रस्त्यांची पातळी वाढत जाऊन घरात शिरताना पायऱ्या उतराव्या लागत. येथेच एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी राहत होता. त्याने हलक्या प्रतीचे तांबे दिले आणि आपल्या निरोप्यास अपमानास्पद वागणूक दिली, अशी नन्नी नामक ग्राहकाची तक्रार मृत्पट्टिकेवर लिहिलेली आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सुमेरी लेखांत ज्याला 'मेलुहा' म्हटले आहे तो प्रदेश म्हणजे सिंधू खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील मोहेंजोदडोत सांडपाण्याच्या झाकलेल्या गटारी, घरोघरी स्नानगृहे आणि सुमारे १२ मीटर लांब व ७ मीटर रुंद असे महास्नानगृह आढळते. मात्र निश्चितपणे ज्याला देवालय किंवा राजवाडा म्हणता येईल अशी वास्तू आढळत नाही. नगर म्हटले की भव्य देवालय आणि सर्वसत्ताधीश राजा असलाच पाहिजे, हा समज या तुलनेने बाधित होतो. सुमेरची उतरंड ही नगररचनेची अपरिहार्य अट नव्हती. ती तेथील व्यवस्थेची निष्पत्ती होती.

कर्ज आणि 'आईकडे परतणे'

या व्यवस्थेतील सर्वांत दुखरी जागा म्हणजे कर्ज. पुढील काळात रूढ झालेला व्याजाचा दर धान्यावर ३३ टक्क्यांहून थोडा अधिक आणि चांदीवर २० टक्के असा होता. एक हंगाम बुडाला की शेतकरी प्रथम जनावर, मग शेत आणि अखेरीस बायकामुले गहाण टाकी. मुले सावकाराच्या घरी राबू लागत.

लगश नगराचा राजा एन्मेतेना याने इ. स. पू. २४००च्या सुमारास अशी बंधने रद्द करून मुलांना आयांकडे परत पाठवल्याचे नमूद केले आहे. यासाठी वापरलेला सुमेरी शब्द 'अमा-गी' हा आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'आईकडे परतणे' असा होतो. बंधमुक्तीसाठी मानवाने लिहिलेला हा ज्ञात असलेला पहिला शब्द होय.

काही दशकांनी त्याच लगशमध्ये उरुइनिमगिना सत्तेवर आला. देवांचे बैल राजाच्या कांद्याचे वाफे नांगरीत, तसेच एका दफनविधीसाठी बिअरचे सात घडे व ४२० पाव उकळले जात, असे त्याने मातीच्या शंकूंवर कोरून ठेवले आहे. हे शुल्क त्याने तीन घडे व ८० पाव इतके खाली आणले आणि कर्जबाजारी नागरिकांना मुक्त केले. राणीच्या ताब्यातील मोठी मालमत्ताही त्याने बाऊ देवीच्या नावे केली. मात्र कारभार राणीच पाहत राहिली. देवाच्या नावाआड माणसाची सत्ता कशी चालते, याचे हे आद्य उदाहरण म्हणता येईल.

पुढे उर-नम्मूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेसंहितेने अनाथ श्रीमंताच्या व विधवा बलवानाच्या हाती पडू नये, अशी ग्वाही दिली. इ. स. पू. अठराव्या शतकातील हम्मुराबीच्या संहितेत कर्जापोटी दिलेल्या बायकामुलांना तीन वर्षांनी, चौथ्या वर्षी सोडण्याचा नियम आहे. त्याच संहितेत मात्र प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडल्यास डोळ्याच्या बदली डोळा, सामान्याचा फोडल्यास एक मिना चांदी आणि दासाचा फोडल्यास त्याच्या निम्म्या किमतीएवढी भरपाई, असाही भेद आहे. अम्मिसदुका या बाबिलोनी राजाने इ. स. पू. सतराव्या शतकात कर्जमाफीचे फर्मान काढले, पण घरात जन्मलेल्या दासांना त्यातून वगळले. परमुलखातून आणलेल्यांना आईकडे परतण्याची वाट कोणत्याच फर्मानाने खुली केली नाही.

उरुकचा तो अलाबास्टरचा घट एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून लुटला गेला आणि जूनमध्ये तुकड्यांच्या स्वरूपात परत आला. २०१६ मध्ये उरुक, उर व एरिदू ही स्थळे दक्षिण इराकच्या दलदलीच्या प्रदेशासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. जुळवलेल्या त्या घटावर सर्वांत वर देवीचे दार आहे आणि त्याखाली ओझे वाहणाऱ्या माणसांची रांग. त्यांपैकी कोणाचेही नाव घटावर लिहिलेले नाही. अशा माणसांची नावे आज जी काही ज्ञात आहेत, ती स्तोत्रांतून नव्हे, तर शिध्याच्या हिशेबांतून.