सायकल आणि सलाबतखानाची कबर

इतिहास ग्रंथांतच वाचावा, असा आम्हां सुशिक्षितांचा समज आहे. अहमदनगराचा इतिहास मात्र कांहीं अंशीं पायांनीं वाचावा लागतो, आणि त्यास सायकलीसारखें साधन नाहीं.

भिंगारवरून पाथर्डीच्या रस्त्यानें पूर्वेस निघावें. सुमारें 13 किलोमीटरांवर शाह डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तिमजली वास्तु आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय. 1595-96 च्या मोंगली वेढ्यांत शहर राखणाऱ्या चांदबिबीच्या कीर्तीनें वजिराचें नांव झांकून टाकलें.

मोटारींत बसणारास हा चढ जाणवत नाहीं; सायकलस्वाराच्या पोटऱ्यांस तो पावलोपावलीं कळतो. परततांना पाय न हालवितां चाकें धांवूं लागतात, आणि निजामशाही खापरी नळांचें मर्म उमगतें. भोंवतालच्या उंचवट्यांवरील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरांत खेळविलें होतें. पूर्वीं तलावाच्या मधोमध असलेला फराहबाग महाल 1583 सालीं याच सलाबतखानानें पुरा केला.

आम्ही त्याचें नांव विसरलों, तरी भूमीचा उतार तें विसरलेला नाहीं. सुटीच्या दिवशीं मुलांस सायकलीवर तिकडे न्यावें, आणि तें नांव त्यांस सांगावें.