संगीताचे सॉफ्टवेअर शिकवणारी पुस्तके निवडताना

संगणकावर संगीत घडवू पाहणाऱ्याला आज साधनांची वाण नाही. प्युअर डेटा, सीसाउंड, सुपरकोलायडर ही अतिशय समर्थ सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात आणि प्रत्येकाभोवती पुस्तके, पुस्तिका, चित्रफिती यांचा मोठा पसारा आहे. अडचण येते ती या पसाऱ्यातून आपल्या उपयोगाचे पान शोधताना. हा शोध म्हणजे शिकण्याआधीची किरकोळ खटपट, असे बहुतेक जण समजतात. मला तो शिकण्याचाच भाग वाटतो. त्यामागे विचारांची एक परंपराही आहे, आणि तिची ओळख असलेला विद्यार्थी पुढे पुष्कळ वेळ वाचवतो.

या परंपरेचा एक महत्त्वाचा धागा संगीताबाहेरचा आहे. १९८०च्या दशकात जॉन कॅरोल आयबीएममध्ये नवशिके लोक कार्यालयातले संगणक कसे हाताळायला शिकतात याचे निरीक्षण करत होते. त्यांना दिसले की माणसे पुस्तिका क्रमाने वाचतच नाहीत. त्यांना आपले काम लगेच करून पाहायचे असते. ती चुकतात, आणि नेमक्या त्या जागी पुस्तिका गप्प असते. कॅरोल यांनी पुस्तिका छाटून लहान केली, खरी कामे पुढे आणली आणि चुकलेल्याने परत वाटेवर कसे यावे याला जागा दिली. १९९० साली ‘द न्युरेंबर्ग फनेल’ या पुस्तकात त्यांनी हे सगळे मांडले. संगीताच्या कोणत्याही मार्गदर्शिकेला मी त्यांची हीच कसोटी लावतो: ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्यासाठी तिच्यात पान आहे का? आणि आवाज एकदम कानठळ्या बसवणारा आला तर? हेडफोन घालण्याआधी पातळी कमी करा, एवढे एक वाक्य ज्या लेखकाने पहिल्याच धड्यात लिहिले, त्याने विद्यार्थी प्रत्यक्ष पाहिलेले असतात.

पण कसोटी इथे संपत नाही. माझे मत असे की सॉफ्टवेअर अवघड वाटते तेव्हा बहुतेक वेळा ध्वनी अवघड असतो. कोणती खिडकी उघडायची हे विद्यार्थ्याला समजलेले असते. त्या खिडकीतली संख्या कानाला काय करते, हे समजलेले नसते. म्हणून जी मार्गदर्शिका फक्त कळा दाखवते ती पुढच्या आवृत्तीत निरुपयोगी होते, आणि जी ध्वनी समजावते ती वर्षानुवर्षे टिकते.

प्युअर डेटाचे उदाहरण घेतो. मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम या संस्थेत आधी मॅक्स हे सॉफ्टवेअर घडवले होते. प्युअर डेटा हे त्यांचे १९९०च्या दशकातले, सॅन डिएगोच्या विद्यापीठातले काम. यात पडद्यावर लहान लहान चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायच्या असतात. काही चौकटींच्या नावापुढे ~ अशी नागमोडी खूण असते, काहींपुढे नसते. खूण असलेली चौकट ध्वनीचा प्रवाह अखंड हाताळते, सेकंदाला ४४,१०० नमुने किंवा आपण ठरवू तेवढे. खूण नसलेली चौकट निरोप आला तरच जागी होते. हा एक भेद ज्या पुस्तकाने पहिल्या काही पानांत नीट समजावला नाही ते बाजूला ठेवावे, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पकेट यांचे स्वतःचे पुस्तक ‘द थिअरी अँड टेक्निक ऑफ इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ २००७ साली आले आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येते. शाळेतले बीजगणित आणि त्रिकोणमिती आठवत असेल तर ते पेलते. त्याचे खरे वैभव असे की त्यातली उदाहरणे प्युअर डेटाबरोबरच संगणकावर येतात. वाचलेले समीकरण लगेच ऐकता येते, त्यातली एक संख्या बदलून पुन्हा ऐकता येते. शिवाय कुठल्याही चौकटीवर उजवी कळ दाबून मदत मागितली की खुलासा चालत्या नमुन्याच्या रूपात उघडतो. त्याचा तुकडा उचलून आपल्या कामात वापरावा. अशी मदत मी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली आहे. गणिताची धास्ती असेल त्यांनी अँडी फार्नेल यांचे ‘डिझायनिंग साउंड’ आधी घ्यावे. पाऊस, आग, पावलांचा आवाज शून्यातून कसा घडवायचा ते शिकवता शिकवता फार्नेल विद्यार्थ्याला ऐकायला लावतात.

विशिष्ट सॉफ्टवेअरला बांधलेले नसलेले साहित्यही हवेच. ब्रिटनच्या ‘साउंड ऑन साउंड’ मासिकात गॉर्डन रीड यांनी १९९९पासून ६३ भागांची ‘सिंथ सीक्रेट्स’ ही लेखमाला लिहिली. ती वाचलेला माणूस कुठल्याही सिंथेसायझरसमोर बसला तरी बावरत नाही. चित्रफितींबद्दल थोडेच सांगतो: सोबत मूळ फाइल देणारी निवडा, आणि पाहताना हात चालू ठेवा.

हिंदुस्थानी संगीत कानात घेऊन येणाऱ्याने मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट पाहावी: स्वरांची जुळणी कुठे आणि कशी सांगितली आहे. बरीच सॉफ्टवेअर सप्तकाचे १२ समान भाग गृहीत धरतात, पेटीसारखे. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार षड्जाच्या ५/४ पट असतो. समान भागांतला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. कानाला हे टोचते. प्युअर डेटात थेट कंपनसंख्या लिहिता येते, त्यामुळे षड्ज कुठेही धरून ५/४ने गुणले की आपला गंधार मिळतो.

मींड मात्र एवढ्या सहज येत नाही. २२० हर्ट्झच्या षड्जावरून ४४०च्या तार षड्जावर चार सेकंदांत जायचे आहे. नवशिका कंपनसंख्याच सरळ रेषेत वाढवतो. दोन सेकंदांनी ती ३३०वर असते, म्हणजे पंचमावर. कान मात्र कंपनसंख्यांमधला फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. त्याच्या हिशेबाने सप्तकाचा मध्य ३११ हर्ट्झच्या आसपास, तीव्र मध्यमावर आहे. म्हणून ती मींड आधी घाईने चढते आणि शेवटी रेंगाळते. उपाय साधा आहे: सरळ रेषा स्वरांच्या क्रमांकांत काढायची, आणि नंतर mtof~ या चौकटीने त्यांची कंपनसंख्या करायची. नवे पुस्तक हाती आले की मी त्यात हीच जागा शोधतो: रेषा कशात काढायची हे लेखक सांगतो का, आणि सांगितल्यावर दोन्ही मींडी शेजारी शेजारी ऐकवतो का.